दोन चार्जशीट, एक न्यायाधीश : 'एकमत' नेमके कोणाच्या वाट्याला येते?

"दादा, माझ्यावर दोन केसेस आहेत. मला मोक्का लागेल का?"

सुदुंबऱ्यातल्या आमच्या रविवारच्या बैठकीत एका पोराने हा प्रश्न विचारला. त्या दिवशी खरे तर शिष्यवृत्तीच्या अर्जांवर बोलायचे ठरले होते. अर्ज बाजूलाच राहिले. पोरगा चाकणच्या बाजूला कंत्राटी कामाला जातो. एक केस जयंतीच्या मिरवणुकीतल्या मारामारीची, दुसरी कंपनीच्या गेटवर भंगाराच्या गाडीवरून झालेल्या भांडणाची. दोन्हींत चार्जशीट दाखल आहे, दोन्हींचा निकाल लागलेला नाही. परिसरात कोणावर तरी मोक्का लागल्याची बातमी मोबाईलवर फिरली होती आणि पोराची झोप उडाली होती.

"अरे, असा लगेच लागत नाही," असे आम्ही म्हणालो. घरी येऊन कायदा काढून वाचला तेव्हा आपले उत्तर अर्धवट होते हे कळले. म्हणून हा लेख. कायद्याचा क्लास घेणे हा हेतू नाही, तो वकील मंडळींनी घ्यावा. 'टोळी' नावाचा गुन्हा या देशात कसा जन्माला आला, आणि माणसाला दोषी ठरवायला किती जणांचे मत लागते हे आजवर कोणी ठरवले, एवढाच इतिहास आम्हाला सांगायचा आहे. आपल्या चळवळीत यावर फारसे बोलले जात नाही. बाबासाहेब मात्र यावर बोलले होते.

आधी कायदा. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा १९९९ सालचा. मुंबईतल्या टोळीयुद्धांच्या आणि खंडणीच्या काळात तो आला. तेव्हा बिल्डर, सिनेमावाले, हॉटेलवाले सगळेच घाबरलेले होते आणि कायदा हवाच होता, हे आम्ही नाकारत नाही. त्याचा गाभा एका व्याख्येत आहे : 'चालू राहिलेले बेकायदेशीर कृत्य'. तीन वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचा दखलपात्र गुन्हा, तो टोळीचा सदस्य म्हणून किंवा टोळीच्या वतीने केलेला, आणि मागच्या १० वर्षांत अशा गुन्ह्यांत एकापेक्षा जास्त चार्जशीट दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली. शब्द नीट वाचा मित्रांनो. चार्जशीट म्हटले आहे. दोषसिद्धी म्हटलेले नाही. म्हणजे आधीचे गुन्हे सिद्ध झालेले असण्याची गरज नाही, पोलिसांनी कागद दाखल केला आणि कोर्टाने तो हातात घेतला एवढे पुरे. वर हिंसा किंवा धमकी पाहिजे आणि पैशाचा 'किंवा अन्य' फायद्याचा हेतू पाहिजे. हे 'अन्य' किती ताणायचे ते ताणणाऱ्यावर.

आणखी एक गोष्ट त्या पोराला आम्ही सांगितलीच नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली असा अर्थ लावला की या दोन चार्जशीट प्रत्येक आरोपीवर स्वतंत्रपणे असायची गरज नाही, टोळीवर किंवा टोळीतल्या कोणावर असल्या तरी चालतात. म्हणजे ज्याच्यावर एकही जुनी केस नाही तोसुद्धा 'त्यांच्यातला' ठरला की आत. टोळीचा नुसता सदस्य असणे हाच मुळी स्वतंत्र गुन्हा आहे : कमीत कमी ५ वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप, आणि दंड कमीत कमी ५ लाख रुपये. पाच लाख! आमच्या वस्तीतल्या किती घरांनी एवढी रक्कम एकत्र पाहिली आहे?

पण थांबा, सोपा निष्कर्ष काढू नका. हाच अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली गौरी लंकेश खून खटल्यात कर्नाटकच्या तशाच कायद्याबाबत लावला आणि गौरीताईंच्या बहिणीचे अपील मान्य केले. तेव्हा आपण सगळ्यांनी त्या निकालाचे स्वागत केले होते. कायद्याची तीच धार एकदा आपल्या बाजूने चालली, एकदा आपल्या पोरावर चालू शकते. म्हणून धार कोणाच्या हातात आहे आणि ती चालवण्याआधी किती जणांना विचारावे लागते, हा खरा प्रश्न.

आता मागे जाऊ.

एखाद्या कृत्यासाठी नव्हे तर टोळीत असल्याबद्दल शिक्षा, ही कल्पना १९९९ ची नाही. कंपनी सरकारने १८३६ साली ठगांविरुद्ध कायदा केला. अमुक माणसाने अमुक ठिकाणी अमुक दिवशी खून केला हे सिद्ध करण्याची त्यात गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीत कधीही, कायद्याच्या आधी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा बाहेर, सामील होता एवढे दाखवले की जन्मभर सक्तमजुरी. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तोवर कंपनीच्या फौजदारी न्यायालयात मुसलमान विधी-अधिकाऱ्याचा फतवा, म्हणजे त्याचे लेखी मत, घ्यायची रीत होती. ठगांच्या खटल्यात तो घ्यायचा नाही असे कायद्यानेच सांगून टाकले. फतव्याची ती पद्धत चांगली होती असा दावा आम्ही करत नाही. पण घडले काय ते बघा. गुन्ह्याची व्याख्या सैल झाली आणि त्याच दिवशी न्यायाधीशाशेजारचे दुसरे मत काढून टाकले गेले. या दोन गोष्टी हातात हात घालून आल्या, आणि पुढेही तशाच येत राहिल्या.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हा त्याचा मोठा भाऊ. 'जामीन न मिळणारे गुन्हे पद्धतशीरपणे करण्याची सवय असलेली जमात, टोळी किंवा वर्ग' अशी त्याची भाषा. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सरकारने गॅझेटात नाव छापले की संपले, त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान नाही. पारधी, कैकाडी, भामटे, मांग गारुडी... आईच्या पोटातून बाहेर पडलेले मूल टोळीचे सदस्य! सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा ज्यांच्या आजोबांनी पाहिल्या ते कार्यकर्ते आजही आपल्यात आहेत. १९५२ साली हा कायदा देशभरातून गेला. त्याच्या मागोमाग 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. पाटी बदलली, दुकान तेच.

इकडे टोळीचा कायदा असा वाढत होता, तेव्हा तिकडे साहेबाने ज्यूरी आणली होती. ज्यूरी म्हटले की आपल्या लोकांना नानावटी आठवतो, सिनेमामुळे. पण महाराष्ट्रात ज्यूरीचा सगळ्यात गाजलेला आकडा नानावटीचा नाही, टिळकांचा आहे.

१८९७ साली मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत ९ जण : ६ युरोपियन, ३ हिंदी. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सहांचे ऐकले, शिक्षा १८ महिने. आता त्या काळचा फौजदारी संहितेचा नियम बघा. उच्च न्यायालयात ज्यूरी एकमताने बोलली तर न्यायाधीशाला ते मानावेच लागे. एकमत नसेल तर ९ पैकी किमान ६ एका बाजूला हवेत आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत हवा. सहा! बरोबर तेवढेच युरोपियन त्या पेटीत बसले होते. इंग्लंडमध्ये त्या काळी १२ जणांचे एकमत लागायचे, त्याशिवाय कोणाला दोषी ठरवता येत नसे. तोच इंग्रज समुद्र ओलांडून आला तेव्हा एकमत बोटीतच विसरला. १९०८ च्या खटल्यात ७ युरोपियन आणि २ पारशी होते, निकाल ७ विरुद्ध २, शिक्षा ६ वर्षे काळ्या पाण्याची. दोन्ही खटले मराठी लेखांवरून होते, आणि ज्यांना मराठी येत नाही असे ज्यूरर भाषांतरावरून मराठी वाक्यांचा भाव ठरवत होते.

काही वाचक इथे भुवया उंचावतील. टिळकांची राजकीय भूमिका, बहुजनांच्या शिक्षणाबद्दलची त्यांची मते, सगळे आम्हाला माहीत आहे आणि त्यावर आम्ही यापूर्वी लिहिले आहे. पण न्यायाचा नियम आवडत्या माणसासाठी एक आणि नावडत्यासाठी दुसरा असा असेल तर तो मनूचा नियम झाला. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की वेद जाणणारा एकच श्रेष्ठ द्विज जे ठरवील तो धर्म, अडाण्यांचे दहा हजार मिळून जे ठरवतील तो नव्हे. मतांची मोजणी ही तिथपासून जातीची मोजणी आहे.

आणि हो, ज्यूरीच्या यादीत नाव यायला मालमत्ता, शिक्षण, 'प्रतिष्ठा' लागायची. यादी करणारे सेशन जज्ज आणि कलेक्टर. ज्या काळात आपल्या माणसाला कोर्टाच्या पायरीवर लांब उभे राहावे लागे, त्या काळात त्या यादीत कोण असणार? टिळकांच्या ज्यूरीतले ते तिघे हिंदी अल्पमतात गेले, याचे दुःख राष्ट्रवादी इतिहासाने शंभर वर्षे सांगितले. पेटीत ज्यांना बसताच आले नाही त्यांचे दुःख कोणी सांगितले?

गंमत म्हणजे, या बाबतीत जुनी गोतसभा ज्यूरीपेक्षा थोडी बरी वाटावी अशी एक जागा आहे. वतनाचा किंवा शिवेचा तंटा असला की महजर व्हायचा आणि त्यावर पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सगळ्यांच्या निशाण्या पडायच्या, महारांचीही. शीव कुठून जाते हे महार चालून दाखवायचा आणि त्याचा शब्द मानला जायचा. याचा अभिमान बाळगावा असे त्यात काही नाही, कारण त्याच महाराला त्याच गावाच्या चावडीवर चढता येत नव्हते. पण त्याच्या मतावाचून महजर अपुरा राहायचा, हे खरे. इंग्रजी कायद्याच्या यादीत तेही राहिले नाही.

आता १८९८. हे साल लक्षात ठेवा.

या वर्षी हिंदुस्थानात नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि '९ पैकी ६' चा नियम तिने पुढे चालू ठेवला. त्याच वर्षी अमेरिकेत लुइझियाना राज्याची घटना परिषद भरली. गुलामगिरी संपून तीन दशके झाली होती. काळ्या माणसाला ज्यूरीतून कायद्याने वगळता येणार नाही असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्ये सांगितले होते. मग गोऱ्यांनी काय करावे? त्यांनी एक हुशारी केली. काळ्यांना बसू द्या, पण १२ पैकी ९ जणांच्या मताने निकाल होईल असा नियम करा. एक-दोन काळे ज्यूरर पेटीत बसले, 'निर्दोष' म्हणाले, तरी फरक पडणार नाही. आपला हेतू गोऱ्या वंशाचे वर्चस्व टिकवणे हा आहे असे त्या परिषदेत उघडपणे बोलले गेले. पुढे ९ चे १० झाले, पण एकमत आले नाही. ओरेगॉन राज्याने १९३४ मध्ये तसाच नियम केला.

हा नियम जायला २०२० साल उजाडले. एव्हांजेलिस्टो रामोस नावाच्या माणसाला लुइझियानात १० विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवून पॅरोलशिवाय जन्मठेप दिली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२० रोजी सांगितले की गंभीर गुन्ह्यात एकमत हवेच, आणि निकालपत्रात १८९८ च्या त्या परिषदेचा वर्णद्वेष नाव घेऊन नोंदवला. १२२ वर्षे! मधल्या काळात कितीजण दोन मतांच्या फरकाने आत गेले असतील? पुढच्याच वर्षी त्याच कोर्टाने सांगितले की ज्यांची अपिले आधीच संपली आहेत त्यांना या निकालाचा फायदा मिळणार नाही. न्याय मिळाला, पण मागची थकबाकी बुडवून.

आरक्षणाबद्दल बोलताना आपण नेहमी म्हणतो, प्रतिनिधित्व द्या. लुइझियाना सांगते की नुसते प्रतिनिधित्व पुरत नाही. बसायला खुर्ची दिली आणि मताची किंमत शून्य ठेवली तर खुर्ची हा देखावा ठरतो. राखीव जागेवरून आलेल्या आपल्या किती सरपंच भगिनींना हे वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी हे १९४५ सालीच मांडले होते. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात त्यांनी जातीय पेचावरचे भाषण केले. हिंदूंचा आक्षेप होता की बहुमताचे राज्य हा लोकशाहीचा पवित्र नियम आहे. बाबासाहेबांचा प्रतिवाद असा की बहुमत हे तत्त्व नाही, ती एक सोय आहे. राजकीय बहुमत बदलत राहते म्हणून ते सोसता येते, जातीय बहुमत जन्माने ठरलेले असते, ते कधी बदलत नाही. आणि माणसाच्या किंवा राष्ट्राच्या जीवनमरणाचा वाद असतो तिथे जगाने दुसराच नियम मानलेला आहे, तो एकमताचा. त्यांनी उदाहरणे दोन दिली : राष्ट्रसंघ आणि ज्यूरी. ज्यूरीचा निकाल एकमताचा असेल तरच तो न्यायाधीशावर बंधनकारक होतो, हे त्यांनी नेमके सांगितले.

हे वाक्य आम्ही पूर्वी अनेकदा वाचले होते आणि पुढे गेलो होतो. या लेखाच्या निमित्ताने कळले की मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेला माणूस तिथलाच नियम सांगत होता. एकमत असेल तर जज्ज बांधलेला, सहा-तीन असेल तर जज्जाच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी तो कायदा कोर्टातून उचलला आणि विधिमंडळाच्या प्रश्नाला लावला. हिंदूंनी कायदेमंडळात आणि मंत्रिमंडळात एकमताचा नियम स्वीकारला असता तर जातीय प्रश्न उरलाच नसता, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या त्यांच्या निवेदनाबद्दल विचारणा केली. दोन्हीकडचा प्रश्न एक आहे हे त्यांना दिसत होते.

आता कोणी म्हणेल, मग एकमत म्हणजे रामबाण उपाय. तसे नाही, आणि हे आपल्याला अमेरिकेपेक्षा जास्त कळते. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुन्यांना १२ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात सोडून दिले. ते एकमतच होते. पेटीत सगळे एकाच जातीचे बसले की एकमताला वेळ लागत नाही.

आणि गावकीचे एकमत तर आपल्या पाठीवर उमटलेले आहे. 'ठराव एकमताने मंजूर' म्हणून बहिष्कार टाकला जातो, किराणा बंद होतो, दळण बंद होते. जातपंचायतींच्या अशाच एकमतांसाठी महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा करावा लागला. ग्रामपंचायत 'बिनविरोध' करायची म्हणून सरपंचपदाचा लिलाव होतो, आणि २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली निवडणूक रद्द करावी लागली. खर्ड्याला २०१४ मध्ये नितीन आगे या शाळकरी पोराला मारले. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. तिथे कोणती ज्यूरी होती? गावच ज्यूरी होते, आणि ते एकमताने गप्प बसले.

फरक कुठे आहे, तर कठड्यात कोण उभा आहे यात. एकट्या माणसावर राज्याची सगळी ताकद चालून येते तेव्हा 'सगळ्यांची खात्री पटल्याशिवाय शिक्षा नाही' हे एकमत त्याची ढाल असते. गाव एकट्या घरावर चालून येते तेव्हाचे एकमत ही कुऱ्हाड असते. बाबासाहेबांनी मागितले ते पहिले.

ज्यूरी आपल्याकडून कशी गेली ते थोडक्यात. नानावटी खटल्यात १९५९ साली सेशन कोर्टाच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मताने निर्दोष म्हटले, न्यायाधीशाला पटले नाही, त्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे जन्मठेप झाली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या एका खटल्याने ज्यूरी गेली ही दंतकथा आहे. विधी आयोगाने १९५८ मध्येच ती बंद करा असे म्हटले होते, आणि नानावटीनंतरही काही वर्षे ती तुरळक चालू होती. १९७३ च्या संहितेने तिला कायमचे काढले. आता ज्यूरीसारखे काही उरले असेल तर ते पारशी विवाह न्यायालयात, घटस्फोटासाठी. तिथे पाच पंच बसतात आणि बहुमताने ठरवतात. बाकी सर्वत्र एक न्यायाधीश. ज्यूरी परत आणा असे आम्ही म्हणणार नाही, खर्ड्याचे गाव ज्यूरीत बसलेले आम्हाला बघायचे नाही.

पण ज्यूरी गेली तेव्हा तिच्यासोबत एक प्रश्नही गेला, आणि टोळीच्या कायद्यात त्या प्रश्नाची गरज सगळ्यात जास्त आहे. तो प्रश्न असा : सगळ्यांची खात्री पटली, पण नेमकी कशाची?

उदाहरण घेऊ. समजा चाकणच्या एका टोळीवर आरोप आहे की तिने भंगाराच्या ठेक्यासाठी चार कंपन्यांकडून खंडणी घेतली. १२ जणांची ज्यूरी आहे. सहा जणांना पहिल्या दोन कंपन्यांची गोष्ट पटली, उरलेल्यांची खोटी वाटली. दुसऱ्या सहांना उलटे वाटले. मत विचारले तर बाराही जण म्हणतील, होय, ही टोळी आहे. वरून एकमत दिसते, पण एकाही खंडणीवर बारा जणांची खात्री नाही. चार अर्धवट गोष्टींची बेरीज करून एक पूर्ण शिक्षा! अमेरिकेच्या १९७० च्या संघटित गुन्हेगारी कायद्यातही आपल्यासारखेच '१० वर्षांत किमान दोन कृत्ये' असे सूत्र आहे, त्यामुळे तिथे हा वाद उभा राहिलाच. शिकागोतल्या एका टोळीप्रमुखाच्या खटल्यात, अमली पदार्थांच्या अशाच एका कायद्याखाली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ जून १९९९ रोजी ठरवले की 'मालिका झाली' एवढ्यावर एकमत पुरेसे नाही, मालिकेतले कोणते कोणते गुन्हे झाले यावरही प्रत्येकाचे एकमत हवे. न्यायालयाने कारणही दिले. तसे नसेल तर ज्यूरर प्रत्येक घटनेचा पुरावा तपासणार नाहीत, एवढा धूर आहे म्हणजे आग असणार असे धरून चालतील.

१९९९. ज्या वर्षी महाराष्ट्राने 'दोन चार्जशीट पुरेत' म्हटले, त्याच वर्षी.

आपल्याकडे धुरावर निकाल कसा लागतो याचे उदाहरण ताजे आहे. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचा खटला मोक्का न्यायालयात चालला. या कायद्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, तोही सहआरोपीविरुद्धसुद्धा. साध्या खटल्यात असा कबुलीजबाब कवडीमोल असतो. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी बाराही जणांना निर्दोष सोडले आणि कबुलीजबाबांवर विश्वास ठेवायला नकार दिला. तोपर्यंत एकजण तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या स्फोटांत जे मेले, लोकलच्या डब्यात लटकून घरी निघालेली आपल्यासारखीच माणसे, त्यांच्या घरच्यांना १९ वर्षांनी काय मिळाले? खरा गुन्हेगार कोण हेही नाही. पुरावा ढिला चालवला की आरोपीबरोबर पीडितही मरतो.

आणि उलटी बाजू बघा. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावातल्या जमावाने मारले. तिथे ठरवून आलेले लोक होते, जुना वाद होता, जात होती. न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण कट मानला नाही आणि ॲट्रॉसिटी कायदाही लावला नाही. भंगाराच्या गाडीवर भांडणाऱ्या पोरांत राज्याला टोळी दिसते, खैरलांजीत मात्र ती दिसत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की गुन्हा ही सामाजिक रचना आहे. ते वाक्य परीक्षेत लिहून मार्क घेतले. त्याचा अर्थ खैरलांजीच्या निकालाने शिकवला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १११ मध्ये मोक्काचीच व्याख्या, तीच दहा वर्षे, तेच 'एकापेक्षा जास्त चार्जशीट', आता सगळ्या देशासाठी. मोक्कात निदान पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते आणि दखल घ्यायला अतिरिक्त महासंचालकांची. कलम १११ मध्ये ती पायरीही नाही. कलम ११२ तर आणखी खाली उतरते, 'किरकोळ संघटित गुन्हा' : चोरी, हिसकावणे, तिकिटांचा काळाबाजार, जुगार, 'किंवा तत्सम कृत्य'. शिक्षा एक ते सात वर्षे. हे कोणत्या वस्तीत लागणार हे पारधी पालावर जाऊन विचारा. १८७१ ची भाषा तिथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे, तर आधी जुन्या केसेसची यादी. प्रत्येक वस्तीत कोणावर कोणते कलम, चार्जशीट कधी, कोर्टाने दखल कधी घेतली, तारीख कधी. तीन वर्षांच्या आतल्या शिक्षेचे कलम मोक्काच्या मोजणीत येत नाही, तीन वर्षांचे येते. जुन्या दंड संहितेचे ३२४ कलम बरोबर तीनवर बसते, आणि मिरवणुकीतल्या मारामारीत पोलीस सर्रास तेच लावायचे. 'जाऊ दे, जुनी केस आहे, पडून आहे' असे म्हणणे बंद करा. पडून असलेली केसच मोजली जाते. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात तेव्हा आपली नावे त्या यादीत जातात का हे पाहणारे कोणी नसते, पक्षांची पोरे तेवढी सुटतात. निर्दोष सुटलेल्या निकालाची नक्कल घरात जपून ठेवा, जमिनीच्या सातबाऱ्यासारखी. आणि वकिलाने खटल्यात मागणी करावी की टोळीचा आरोप असेल तर न्यायाधीशाने प्रत्येक घटनेवर स्वतंत्र निष्कर्ष लिहावा, कोणती सिद्ध, कोणती नाही. बारा जणांचे एकमत आपल्याला मिळणार नाही, पण एकाच माणसाला बारा वेळा विचार करायला लावता येतो.

सुदुंबऱ्यात संताजी जगनाड्यांची समाधी आहे. देहूत तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवायला लावले गेले आणि संताजींनी ते लिहून जपले, अशी परंपरा सांगते. तो निवाडाही कोणा सगळ्या गावाने दिलेला नव्हता. आमची बैठक त्या समाधीपासून चालत दहा मिनिटांवर भरते.

त्या पोराला परवा बोलावून घेतले. दोन्ही चार्जशीटच्या नकला काढायला सांगितल्या. मिरवणुकीच्या केसमध्ये ३२४ आहे, दुसरीत नाही. भंगाराच्या भांडणात त्याचे नाव सातवे आहे आणि पहिल्या सहांतल्या चौघांना तो ओळखतही नाही म्हणतो. तालुक्याच्या कोर्टात पुढची तारीख १४ ला आहे. कंत्राटदार सुट्टी देत नाही म्हणून मागच्या दोन तारखांना तो गेलाच नव्हता. यावेळी आम्ही दोघे त्याच्यासोबत जातो आहोत.